पायवाटेवरची नोंद : तुंगारेश्वर अभयारण्याचा अभ्यास

पालघर जिल्ह्याचे नाव निघाले की तारापूरचे अणुवीज केंद्र, बोईसरची औद्योगिक वसाहत, डहाणू-घोलवडचे चिकू आणि वारली चित्रकला यांची आठवण प्रथम होते. तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच्या काळात पालघर-बोईसर पट्ट्याचे रूप झपाट्याने पालटत गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस सह्याद्रीच्या उतरणीवरील जंगले आहेत. रेल्वे समुद्राच्या बाजूने धावते, म्हणून तो भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. जंगलाचा भाग मात्र बहुतेकांच्या दृष्टीने दूरवरची निळसर डोंगररांग एवढाच राहिला आहे.

बोईसरहून मुंबईकडे जाताना विरार-वसईच्या सुमारास डाव्या हाताला जी उंच रांग गाडीला सोबत करते, ती तुंगारेश्वरची. सहाशे मीटरांहून अधिक उंची गाठणाऱ्या या डोंगरांचा परशुरामकथेशी संबंध जोडला जातो. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला येथील महादेवाच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. २००३ मध्ये शासनाने येथील ८५.७० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. तरीही देऊळ पाहिलेल्यांपैकी फार थोड्यांना आपण एका अभयारण्यात जाऊन आलो याची जाणीव असते. हे रान पायी कसे पाहावे, त्याचे छायाचित्रण कसे करावे आणि त्यातून गावाच्या व शाळेच्या उपयोगी पडेल अशी नोंद कशी उभी करावी, याचा विचार येथे केला आहे.

दोन वनांमधील दुवा

तुंगारेश्वरचे महत्त्व त्याच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्या स्थानात अधिक आहे. त्याच्या दक्षिणेस वसईच्या खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ईशान्येस, वाडा-शहापूरच्या बाजूला, १९७० मध्ये घोषित झालेले तानसा अभयारण्य आहे. या दोन मोठ्या वनांना जोडणारा सांधा म्हणजे तुंगारेश्वर. मात्र त्याच्या पश्चिम पायथ्याशी मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे आणि दक्षिणेकडून चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता व वसई-दिवा रेल्वेमार्ग जातो. त्यामुळे हा सांधा जागोजागी तुटण्याच्या स्थितीत आहे.

वन्य प्राणी या मार्गाचा खरोखर उपयोग करतात काय, या प्रश्नाचे उत्तर एका बिबट्याने दिले. २००९ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढण्यात आला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटाने वन विभागाच्या सहकार्याने त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारा पट्टा बसविला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. 'आजोबा' या नावाने ओळखला गेलेला हा बिबट्या सुमारे एका महिन्यात १२० किलोमीटरांच्या आसपास चालला. मुंबई-आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याजवळचा रेल्वेमार्ग ओलांडून तो वसईच्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत आला आणि खाडी पोहून राष्ट्रीय उद्यानाच्या वनात शिरला. २०११ मध्ये मुंबईलगत रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने तो मरण पावला. शरीरात बसविलेल्या सूक्ष्म पट्टिकेवरून त्याची ओळख पटली. त्याच्या प्रवासावरून पुढे 'आजोबा' हा मराठी चित्रपटही निघाला.

या उदाहरणातून नियोजनकर्त्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. वनखात्याच्या नकाशावर रेषा संपते तेथे प्राण्याचे चालणे संपत नाही. दोन अभयारण्यांमधील गावांची राने, गायराने, ओढ्याकाठची झाडी आणि खाजगी शेतांचे बांध ही त्याची वाट असते. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे, मालगाड्यांसाठीचा स्वतंत्र लोहमार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग या तिन्ही प्रकल्पांची आखणी पालघर जिल्ह्यातून झाली आहे. अशा मार्गांखालून किंवा वरून प्राण्यांना जाण्याची सोय ठेवता येते. परंतु ती नेमकी कोठे हवी, हे सांगण्यासाठी प्राणी कोठून जातात याचा पुरावा हातात असावा लागतो. ज्या रानाची नोंद नाही, ते कागदावर रिकामे समजले जाते.

पाणी आणि रान

या डोंगरांचा आणखी एक उपकार शहरवासीयांच्या क्वचितच ध्यानात येतो. डोंगरपायथ्याचे पेल्हार आणि त्याच परिसरातील उसगाव येथील धरणांचे पाणी वसई-विरारला मिळते. दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस बेसाल्ट खडकाच्या उभ्या उतारावरून सरळ वाहून न जाता ओढ्यांतून सावकाश उतरतो, तो झाडोऱ्यामुळे. रान विरळ झाले की पहिल्या सरीबरोबर माती धरणात येऊन बसते. म्हणून वनाची पाहणी हा पाणीपुरवठ्याच्याही हिताचा विषय ठरतो.

येथील वन प्रामुख्याने आर्द्र पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, खैर, हेद, कळंब, बिब्बा, कुंभा, पळस, पांगारा, काटेसावर आणि मोह हे येथील परिचित वृक्ष. ओढ्यांच्या घळींत निमसदाहरित झाडोरा आढळतो. बिबट्या, भेकर, रानडुक्कर, माकड, वानर, मुंगूस आणि उदमांजर हे प्राणी येथे आहेत. पक्षी, फुलपाखरे आणि सरपटणारे प्राणी विपुल आहेत.

पायीच का?

वाहनातून रान पाहणाऱ्याला मोठे प्राणी दिसले तर दिसतात. पायी चालणाऱ्याला त्यांच्या खुणा वाचता येतात. ओलसर वाटेवरील पाऊल, झाडाच्या सालीवरील नखांचे ओरखडे, विष्ठेत सापडणारे केस व बिया, उकरलेली माती, गळून पडलेले पीस, अर्धवट कुरतडलेले फळ या सर्व गोष्टी जमिनीजवळच्या आहेत. त्यासाठी तासाला एक-दीड किलोमीटर हा वेग पुरेसा आहे. कानांचा उपयोगही तितकाच होतो. भेकराचे ओरडणे कुत्र्याच्या भुंकण्यासारखे असते आणि शीळकरी कस्तूर हा पक्षी पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी माणसाने शीळ घालावी तसा गातो. हे आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले तर तीही नोंदच होय.

त्याच वाटेने वर्षातून अनेकदा जावे, हा दुसरा नियम. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण अवस्थेत फुलतात. मधासाठी जमणारे पक्षी तेव्हा उघड्या फांद्यांवर स्पष्ट दिसतात आणि छायाचित्रणास हा काळ उत्तम ठरतो. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात आणि उरलेल्या डबक्यांभोवती पावलांची गर्दी होते. जूनच्या आरंभी शेवळे जमिनीतून वर येतात आणि रानभाज्यांचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून फुलपाखरांची संख्या वाढते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्ल्यू मॉरमॉन या काळात आवर्जून शोधावे.

काही घटना मात्र एका वर्षाच्या पाहणीत बसत नाहीत. कारवी हे झुडूप साधारणपणे आठ वर्षांतून एकदाच, आणि एका परिसरात सर्वत्र एकाच वेळी, फुलते. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या वापरणाऱ्या आदिवासी कुटुंबांना हे चक्र पूर्वीपासून ठाऊक आहे. एखाद्या शिक्षकाला आपल्या संपूर्ण सेवाकाळात हा बहर तीन-चार वेळाच पाहावयास मिळतो. शाळेच्या वहीत त्याची तारीख व छायाचित्र राहिले, तर पुढे येणाऱ्या शिक्षकाला त्याच जागी उभे राहून तुलना करता येईल.

परवानगी आणि सुरक्षितता

अभयारण्यात प्रवेशावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ अन्वये निर्बंध आहेत. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन इत्यादी कारणांसाठी कलम २८ अन्वये परवाना देता येतो. शाळेची सहल किंवा ग्रामपंचायतीची पाहणी ठरविताना वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा, हेतू व मार्ग नमूद करावा आणि वनरक्षक सोबत असावा अशी विनंती करावी. ठरावीक वाट सोडून जाऊ नये. अभयारण्यात आग लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेले एक थोटूकही वणव्यास पुरेसे होते, हे विद्यार्थ्यांना आधीच समजावून सांगावे.

पावसाळ्यात विशेष सावधगिरी हवी. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर ओढे आडवे येतात आणि डोंगरमाथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही त्यांचे पाणी अकस्मात चढते. चिंचोटीच्या धबधब्यात बुडून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत आणि त्यामुळे पावसाळ्यात अशा ठिकाणी जाण्यास प्रशासनाकडून बंदी घालण्यात येते. ती काटेकोरपणे पाळावी. घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातात काठी असावी. घोणस, फुरसे, नाग व मण्यार हे चारही विषारी साप कोकणात आढळतात. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे टाळावे. रुग्णाला शक्य तितके स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सरळ रुग्णालय गाठावे.

छायाचित्र हा पुरावा

भारतात वन्य प्राण्यांचे रात्रीचे छायाचित्रण वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात यशस्वी केले. प्राण्याचा पाय तारेला लागला की कॅमेरा आपोआप चालावा, अशी त्यांची योजना होती. आज वनखाते वापरीत असलेले स्वयंचलित कॅमेरे याच कल्पनेचे विकसित रूप आहेत. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे वेगळी असते. शिवाय डाव्या व उजव्या कुशीवरील रचना एकसारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. अशा छायाचित्रांवरूनच एकच बिबट्या दहा वेळा आला की दहा बिबटे एकेकदा आले, हे निश्चित करता येते.

गावपातळीवरील अभ्यासासाठी साधा मोबाईलही पुरतो. वनस्पतीची किमान चार छायाचित्रे घ्यावीत : संपूर्ण झाड, खोडाची साल, पानांची मांडणी आणि फूल किंवा फळ. पाऊलखुणेचे छायाचित्र बरोबर वरून घ्यावे आणि शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकार समजतो. सकाळच्या तिरप्या उन्हात ठशाच्या कडा उठून दिसतात. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत; कुत्र्याच्या ठशात ती दिसतात. एवढी एक गोष्ट ठाऊक असली, तरी गावात निष्कारण पसरणारी भीती पुष्कळदा आवरता येते.

छायाचित्राला खरी किंमत येते ती त्याच्या जोडीच्या टिपणामुळे. दिनांक, वेळ, ठिकाण, हवामान, पाहणाऱ्याचे नाव आणि स्थानिक भाषेतील नाव या सहा गोष्टी त्याच दिवशी वहीत उतरवाव्यात. यातील ठिकाणाचे महत्त्व किती, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून कळते. हा छोटा, दिवसा वावरणारा घुबडवर्गीय पक्षी १८७२ मध्ये प्रथम शास्त्रज्ञांच्या हाती आला. १८८४ नंतर त्याचा नमुना मिळाला नाही. पुढे कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन या संग्राहकाच्या संग्रहात, १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना आढळला. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणाऱ्यांचे प्रयत्न फसले. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि त्यावरील माहिती बनावट असल्याचे दाखवून दिले. ती नोंद बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भर देऊन शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना महाराष्ट्रातच, शहाद्याजवळच्या जंगलात, रानपिंगळा पुन्हा दिसला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती.

या कथेचा पुढील भाग पालघरच्या अगदी जवळचा आहे. २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात रानपिंगळ्याची छायाचित्रासह नोंद झाली. सातपुड्याच्या रांगेतील म्हणून समजला जाणारा हा पक्षी मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तलावाच्या रानात असेल, अशी अपेक्षा फारशी कोणी केली नव्हती. नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याशी त्याचे साम्य असल्याने केवळ तोंडी वर्णनावर विश्वास बसणे कठीण होते. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसणे यासारख्या बाबी छायाचित्रात तपासता येतात.

छायाचित्रणाची काही पथ्येही आहेत. घरट्याजवळ जाऊ नये, फांद्या छाटू नयेत, पक्ष्याला बोलाविण्यासाठी त्याचा आवाज लावू नये, निशाचर प्राण्यांवर प्रखर प्रकाश टाकू नये. दुर्मीळ पक्षी, आमरी किंवा बिबट्याची गुहा यांचे नेमके ठिकाण वनखात्याला कळवावे. समाजमाध्यमांवर जाहीर करू नये.

वाघोबाची वाट

वनाची सर्वांत जुनी माहिती या भागातील वारली, मल्हार कोळी, कातकरी व कोकणा समाजांकडे आहे. पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाघोबा खिंडीतील ठाणे बहुतेकांनी पाहिलेले असते. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वाघोबाच्या ठाण्यांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद आहे. वाघोबाला मान दिला, वाघबारशीला त्याची पूजा केली की तो आपले व गुराढोरांचे रक्षण करतो, ही वारली समाजाची श्रद्धा आहे. बिबट्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहण्याची रीत या श्रद्धेने घालून दिली.

पाहणीस निघताना गावातील एखादी जाणती व्यक्ती बरोबर असावी, तिने सांगितलेले झाडाचे नाव तिच्याच उच्चारात लिहावे आणि वहीत तिच्या नावाचा उल्लेख तिच्या संमतीने करावा. पक्ष्यांच्या प्रमाण मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' उपयोगी पडतो. परंतु प्रमाण नावाने स्थानिक नाव पुसले जाऊ नये.

गावाची नोंदवही

अशा नोंदींना कायद्याने स्थान दिले आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम असते. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ नागपूर येथे आहे. वनहक्क अधिनियम, २००६ नेही ग्रामसभेला वन, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवण्यासाठी नाही. तिच्यात दरवर्षी भर पडली, तरच एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत, वणव्याच्या पंचनाम्यात किंवा पाणवठ्याच्या कामाची जागा ठरविताना तिचा आधार घेता येतो.

ग्रामपंचायत, शाळा आणि वनरक्षक यांनी मिळून पुढील साधा कार्यक्रम हाती घ्यावा. गावाच्या हद्दीत पाच जागा कायमच्या निवडाव्यात : एक पाणवठा, एक ओढा, एक माळ, एक दाट झाडी आणि रस्ता ओलांडण्याची एक जागा. प्रत्येक जागी खुणेचा दगड रोवावा. वर्षातून चार वेळा, ठरलेल्या दिवशी, त्याच दगडापाशी उभे राहून त्याच दिशेने एक छायाचित्र घ्यावे आणि तेथे दिसलेल्या खुणा टिपून ठेवाव्यात. रस्त्यावर वाहनाखाली सापडलेल्या प्राण्यांची वेगळी यादी करावी आणि तिची प्रत वनखात्यास व बांधकाम खात्यास पाठवावी. कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासावे.

पालघर व बोईसरच्या शाळांना सरावासाठी तुंगारेश्वरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. वाघोबा खिंडीवरील काळदुर्ग, तसेच महामार्गालगतच्या खोडकोना गावावरील अशेरीगड, यांच्या परिसरातील वाटा यासाठी सोयीच्या आहेत. तेथील वनक्षेत्रात जातानाही वनखात्याची संमती घ्यावी. तानसा आणि तुंगारेश्वर यांच्या नोंदींत उत्तरेकडील या डोंगरांच्या नोंदींची भर पडली, तर जिल्ह्यातील वनांचे तुटक तुकडे नकाशावर जोडून पाहता येतील.

नव्या रस्त्यांची आणि लोहमार्गांची कामे ठरलेल्या मुदतीत पुढे जातात. रानाची माहिती गोळा होण्यास मात्र वर्षे लागतात. म्हणून ही पाहणी येत्या हंगामापासूनच सुरू होणे इष्ट आहे. त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक गावात आहे : एक वही, एक मोबाईल, गावातील एक जाणती व्यक्ती आणि पहाटे चालत निघण्याची तयारी असलेले चार विद्यार्थी.